वीस मीटरची रेघ: सह्याद्रीची टोपोशीट कशी वाचावी

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणाऱ्या नकाशावर, तळाच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटर उंचीचा फरक आहे. नकाशा उघडल्यावर नजर गावांच्या नावांवर जाते, किल्ल्याच्या खुणेवर जाते. ही ओळ बहुतेक वेळा वाचायची राहते. सह्याद्रीत वाट अडते ती पुष्कळदा याच वीस मीटरांत. म्हणून शाळेत शिकलेली चिन्हं पाठ असली तरी नकाशा पुन्हा एकदा सावकाश शिकावा, आणि तो घरी, जमिनीवर पसरून शिकावा.

शीट कोणती हवी

जुन्या शीटचा क्रमांक ४७ एफ/१५ असा असतो. ४७ हा चार अंश रुंद आणि चार अंश उंच असा मोठा चौकोन: ७२° ते ७६° पूर्व, १६° ते २०° उत्तर. म्हणजे जवळपास अख्खा पश्चिम महाराष्ट्र. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे केले की ए ते पी ही अक्षरं मिळतात, आणि प्रत्येक तुकड्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे केले की १ ते १६ हे आकडे. गोंधळ एकाच ठिकाणी होतो. मोजणी डावीकडून उजवीकडे ओळीने नसते. वायव्य कोपऱ्यातून सुरुवात करून आधी खाली उतरायचं, रकाना संपला की पुढच्या रकान्याच्या डोक्यावर जायचं. ए, बी, सी, डी हे एकाखाली एक; ई हा ए च्या उजवीकडे.

पुणे शहर १८°३१' उत्तर, ७३°५१' पूर्व. अंशांवरून एफ चौकोन आला (७३° ते ७४°, १८° ते १९°). त्यात ७३°४५' च्या पुढचा म्हणजे शेवटचा रकाना, १३ ते १६. वरून दुसरा तुकडा १८°३०' ते १८°४५' चा. म्हणून पुणे ४७ एफ/१४. कळसूबाईची, म्हणजे राज्यातल्या सर्वांत उंच १६४६ मीटरच्या शिखराची शीट अशीच काढून बघा: १९°३६' उत्तर, ७३°४२' पूर्व. उत्तर ४७ ई/१० यायला हवं.

सिंहगड मात्र शीटच्या कडेवर बसला आहे. तो साधारण ७३°४५' रेखांशाला चिकटून आहे, त्यामुळे पुणेकडचा भाग ४७ एफ/१५ वर आणि पश्चिमेकडचा उतार ४७ एफ/११ वर जातो. राजगड १८°१५' च्या ओळीला खेटून आहे. पुण्याहून सिंहगड, राजगड, तोरणा हा पट्टा चालायचा बेत असेल तर एक शीट घेऊन निघणाऱ्याचा नकाशा पहिल्याच गडावर संपतो. शेजारच्या शीटांचा छोटा तक्ता समासात दिलेला असतो, तो आधी पाहावा.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी आलेल्या ओपन सिरीज नकाशांचा क्रमांक वेगळा असतो. आपल्या भागात तो ई ४३ ने सुरू होतो. ई म्हणजे १६° ते २०° उत्तरेचा पट्टा, ४३ म्हणजे ७२° ते ७८° पूर्वेचा. विभागाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून त्यांच्या पीडीएफ विनामूल्य उतरवता येतात. नवे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ या मोबाइलच्या जीपीएसनेही वापरलेल्या आधारावर (अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर) काढलेले आहेत, जुने एव्हरेस्ट नावाच्या वेगळ्या आधारावर. जुन्या शीटवरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये घातले तर खूण सरकलेल्या जागी पडते. ही चूक वाचणाऱ्याची नसते, पण तिचा पत्ता नसेल तर खिंड सोडून शेजारच्या घळीत उतरायची वेळ येते.

छापताना प्रमाण सांभाळा

१:५०,००० म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर ५०० मीटर. पंधरा मिनिटांची शीट आपल्या अक्षांशावर सुमारे ५३ सेंमी रुंद आणि ५५ सेंमी उंच भरते. ती ए-४ कागदावर ‘पानात बसवा’ असं करून छापली की अडीच पटीहून जास्त आकसते, आणि समासात मात्र १:५०,००० तसंच छापलेलं राहतं. मग पट्टीने मोजलेला चार सेंटीमीटरचा पल्ला दोन किलोमीटरचा वाटतो आणि चालताना पाच किलोमीटर होतो.

शंभर टक्के आकारावर छापा, हवा तो भाग ए-३ च्या तुकड्यांत घ्या आणि छापून झाल्यावर एकदाच पट्टी लावा. ओपन सिरीज नकाशावर एक किलोमीटरचे चौकोन असतात. चौकोनाची बाजू बरोबर २ सेंमी आली पाहिजे. आली नाही तर समासातली रेषापट्टीच काय ती विश्वासाची, कारण नकाशा लहान-मोठा झाला की ती त्याच्यासोबत लहान-मोठी होते. संख्येतलं प्रमाण बिचारं जागच्या जागी राहतं.

सर्वेक्षणाचं सालही तिथेच लिहिलेलं असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याआधीच्या पाहणीच्या शीटवर तो दिसणार नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचंही तसंच. डोंगराचा आकार मात्र पन्नास वर्षांत बदलत नाही, त्यामुळे जुनी शीट फेकून देऊ नका. रस्ते नव्या नकाशावरून, डोंगर दोन्हींवरून.

परातीतला दगड

समोच्च रेषा कळायला सर्वांत चांगलं साधन स्वयंपाकघरात आहे. मुठीएवढ्या दोन टोकांचा, ओबडधोबड दगड परातीत ठेवा. एक सेंटीमीटर पाणी ओता, पाण्याच्या काठाने दगडावर खडूने रेघ मारा. आणखी एक सेंटीमीटर पाणी, दुसरी रेघ. दगड बुडेपर्यंत हे करा, मग पाणी काढून टाका आणि दगडाकडे बरोबर वरून, एक डोळा मिटून बघा.

दगडाची जी बाजू उभी आहे तिथे रेघा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, सपाट बाजूला लांब. दोन टोकांभोवती दोन वेगळी वर्तुळं, आणि त्यांच्या मध्ये जिथे कुठलीच वर्तुळं मिटत नाहीत ती खिंड. हाच नकाशा. दोन रेघा एकमेकींना छेदत नाहीत हे वेगळं पाठ करायची गरज उरत नाही, कारण पाण्याची एक पातळी दुसरीला छेदू शकत नाही.

आता दगडाच्या टोकाकडे नीट बघा. शेवटच्या रेघेच्या वर किती दगड शिल्लक आहे ते वरून कळत नाही. अर्धा मिलिमीटर असेल, नऊ मिलिमीटर असतील. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोंड की घळ

नकाशावर रेषा वळसा घेतात तिथे दोनच शक्यता असतात. वळणाचं टोक उताराकडे असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची बाहेर आलेली धार. टोक चढाकडे असेल तर घळ किंवा ओढ्याची दरी. दोन्ही आकार सारखेच दिसतात, म्हणून आधी कुठली बाजू उंच हे ठरवायचं. जाड रेषेवर उंचीचा आकडा असतो. २० मीटरच्या शीटवर दर पाचवी रेषा जाड, म्हणजे जाड रेषांमध्ये १०० मीटर. आकडा सापडत नसेल तर पाणी शोधा. ओढ्याची रेघ नेहमी घळीत असते आणि वळणाच्या टोकातून वर जाते.

ओढे बहुतेक काळ्या रेघांनी काढलेले दिसतील. काळी रेघ म्हणजे पावसाळ्यापुरता वाहणारा प्रवाह, निळी म्हणजे बारमाही. सह्याद्रीच्या माथ्यावर निळं फार थोडं असतं. जानेवारीनंतर काळ्या ओढ्याच्या भरवशावर पाण्याची बाटली अर्धी ठेवू नये.

जलविभाजक, म्हणजे दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारी धार, हा आकार एकदा तरी हाताने काढावा. पेन्सिल घ्या, माथ्यावरच्या धारेने जा आणि कुठलाही ओढा न ओलांडता रेघ पुढे नेत राहा. सह्याद्रीच्या शीटवर ही रेघ पश्चिमेच्या कड्याला जवळजवळ खेटून जाते. रेघेच्या पश्चिमेचं पाणी थोड्याच अंतरात कोकणात उतरून समुद्राला मिळतं. पूर्वेचं पाणी देश ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं. गोदावरी त्र्यंबकला उगवते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर, आणि ती वाहते १४६५ किलोमीटर उलट दिशेला. ते सारं या पेन्सिलच्या रेघेवर ठरलेलं असतं. रेघेच्या पश्चिमेला समोच्च रेषा गच्च, पूर्वेला विरळ.

उतार पट्टीने मोजा

डोळ्यांनी ‘गच्च’ आणि ‘विरळ’ म्हणून भागत नाही. दोन लगतच्या जाड रेषांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, चढाच्या सरळ दिशेने. चढ १०० मीटरचा ठरलेला आहे. अंतर १ सेंमी आलं तर ५०० मीटर आडव्यात १०० मीटर चढ, म्हणजे साधारण ११ अंश: बैलगाडीची वाट असू शकते. ४ मिलिमीटर म्हणजे २७ अंश, ओझं घेऊन दम लागणारच. २ मिलिमीटर म्हणजे ४५ अंश, इथे हात टेकावे लागतात. १ मिलिमीटर म्हणजे ६३ अंश, आणि पट्टीने मोजायला गेलात तर पेन्सिलच्या टोकाची जाडीच तेवढी असते. तिथून वाट नाही असं धरून चला.

बेताची वाट नकाशावर आखली की तिचा छेद काढावा. वाटेच्या कडेला कागदाची पट्टी ठेवा, जिथे जिथे समोच्च रेषा ओलांडली जाते तिथे टिंब आणि उंची लिहा. मग आलेख कागदावर आडव्यात १ सेंमीला ५०० मीटर आणि उभ्यात १ सेंमीला १०० मीटर घेऊन टिंबं मांडा आणि जोडा. डोंगर पाचपट उंच दिसेल, त्याने दचकू नका; पाहायचं आहे ते चढ कुठे एकवटला आहे. सात किलोमीटरच्या वाटेवरचा निम्मा चढ शेवटच्या एका किलोमीटरात असेल तर तो उन्हाआधी संपवायचा की नंतर, हे घरीच ठरतं.

दोन रेषांच्या मध्ये

आलेखावर टिंबं जोडताना तुम्ही जी सरळ रेघ मारली ती तुमची समजूत आहे. नकाशाला फक्त टिंबं ठाऊक आहेत. ९०० आणि ९२० मीटरच्या रेषा २ मिलिमीटर दूर असतील तर मध्ये १०० मीटर जमीन आहे आणि सरासरी उतार ११ अंश. पण तिथे ९० मीटर सपाट गवताळ पदर आणि शेवटी १८ मीटरचा सरळ कातळ असला, तरीही नकाशावर अगदी हेच दिसेल. मोठे, सलग कडे नकाशावर कातळाच्या खुणेने वेगळे काढलेले असतात. चार-सहा मजली उंचीचे तुटक टप्पे त्या खुणेतून सुटतात.

इतर कुठल्या डोंगरात ही शंका एवढी छळणार नाही. सह्याद्रीत छळते, कारण हा डोंगर थरांचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराचा मधला घट्ट बेसॉल्ट झिजायला नकार देतो आणि कडा होऊन उभा राहतो. वरचा फुगीर, छिद्रांचा भाग आणि थरांमधली लाल माती लवकर झिजते आणि तिथे पदर तयार होतो. कडा, पदर, कडा, पदर. डोंगरात फिरणारा प्रत्येक जण हे शब्द वापरतो, कारण पायाला तेच लागतं. नकाशावर मात्र २० मीटरची फूटपट्टी या पायऱ्यांवरून गुळगुळीत फिरते.

मोबाइलवरच्या ॲपमधल्या समोच्च रेषा यात भर घालतात. त्यांतल्या बऱ्याचशा उपग्रह किंवा अंतराळयानाने घेतलेल्या उंचीच्या जाळीवरून बनतात, आणि जाळीचा एक घर साधारण ३० मीटरचा असतो. उभा कातळ एका घरात मावतो आणि सरासरीत विरघळतो. ॲपवर रेषा १० मीटरच्या अंतराने काढलेल्या दिसल्या म्हणून त्या दुप्पट खऱ्या होत नाहीत.

मग करायचं काय? पहिलं, नकाशावर जिथे गच्च आणि विरळ असे पट्टे आलटून-पालटून दिसतात तिथे विरळ पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला कातळ आहे असं धरावं. दुसरं, वाट शोधायची ती सोंडेवर आणि पदराने आडवी जाऊन दुसऱ्या सोंडेवर. पायवाटेची तुटक लाल रेघ असेल तर ती बहुतेक असंच करताना दिसेल. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधलेली जागा त्या रेघेत असते, तिचा मान ठेवावा.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. वाट चुकली, दिवस उतरला, खाली गावाचे दिवे दिसताहेत, अशा वेळी ओढ्याने खाली उतरू नका. पाणी खालीच जातं हे खरं, पण ते प्रत्येक कड्यावरून उडी मारून जातं. घळीत दहा-बारा मीटरचे कोरडे धबधबे एकामागून एक असतात, नकाशावर एकही नसतो, आणि पहिला घसरत उतरलात की वरही जाता येत नाही आणि खालीही. परत धारेवर या. धारेवर दिसतं, आवाज पोचतो, मोबाइलला रेंज मिळण्याची शक्यता जास्त.

शिखराचंही तेच. शेवटची मिटलेली रेषा १२०० ची असेल तर माथा १२०१ असेल किंवा १२१९. परातीतला दगड आठवा.

उत्तर आणि होकायंत्र

महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहून कमी फरक आहे. एक अंशाची चूक एका किलोमीटरला १७ मीटर होते, म्हणजे आपल्याकडे ती सोडून दिली तरी चालतं. हीच सवय घेऊन कोणी सिअॅटलच्या डोंगरात गेलं तर तिथे फरक सुमारे १५ अंशांचा आहे. किलोमीटरमागे अडीचशे मीटरहून जास्त. परदेशी गेलेल्यांनी तिथल्या नकाशाच्या समासातला आकडा पहिल्या दिवशी वाचावा.

आपण कुठे आहोत हे कळत नसेल तर दोन ओळखीची शिखरं पकडा. होकायंत्रावर कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात: सिंहगडावरून राजगड साधारण २१०° वर दिसतो, तोरणा २३५° वर. या दोघांवरून जागा काढायला गेलात तर रेघा फक्त २५ अंशांनी छेदतात, आणि दोन अंशांच्या हातचुकीने छेदबिंदू किलोमीटरभर घसरू शकतो. त्यापेक्षा राजगड आणि पुरंदर घ्या. पुरंदर साधारण ११२° वर आहे, दोघांत ९८ अंशांचं अंतर. छेद काटकोनाच्या जवळ जितका तितका खात्रीचा.

आता कोन उलटा करायचा. १८० पेक्षा मोठा असेल तर १८० वजा, लहान असेल तर मिळवा: राजगडाचा ३०°, पुरंदरचा २९२°. नकाशावर राजगडातून ३०° ची आणि पुरंदरातून २९२° ची रेघ ओढा. दोन्ही मिळतात तिथे तुम्ही. तिसरं शिखर मिळालं तर तिसरी रेघ ओढा. तीन रेघांचा छोटा त्रिकोण झाला तर ठीक, मोठा झाला तर एखादं शिखर ओळखायला चुकलं आहे.

होकायंत्र हातात धरताना मोबाइल दुसऱ्या हातात नको, लोखंडी काठी बगलेत नको, विजेच्या तारांखाली उभं राहू नका. बेसॉल्टमध्ये लोहचुंबकीय खनिजं असतात, त्यामुळे खडकावर ठेवून घेतलेलं वाचन आणि उभं राहून घेतलेलं वाचन वेगळं येऊ शकतं. चार पावलं बाजूला सरकून पुन्हा घ्या. जुळलं तरच लिहा.

किती वेळ लागेल

स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. आठ किलोमीटर आणि ७०० मीटर चढ म्हणजे १ तास ३६ मिनिटं अधिक १ तास १० मिनिटं, एकूण पावणेतीन तास. हे थंड हवेतल्या सराईत माणसाचं गणित. एप्रिलच्या उन्हात किंवा आषाढाच्या निसरड्यात दीडपट करा, सव्वाचार तास धरा. शिवाय दोरा लावून मोजलेली वाट खऱ्या वाटेपेक्षा नेहमी आखूड भरते, कारण १:५०,००० वर बारीक वळणं काढलेलीच नसतात. अंतरात किमान पाचवा हिस्सा आधीच वाढवून घ्या. थांबे, जेवण, फोटो यांत नाहीत.

घरी ठेवायची चिठ्ठी

निघण्याआधी मुक्कामाची जागा आणि परतीची वेळ लिहून घरच्या माणसाजवळ किंवा पायथ्याच्या गावात पोलीस पाटलांकडे ठेवा. जागेचं नाव पुरत नाही, कारण एकाच डोंगरात ‘वाघजाई’ तीन असू शकतात. ग्रिडचा, म्हणजे नकाशावरच्या एक किलोमीटरच्या चौकोनांच्या जाळीचा, सहा आकडी संदर्भ लिहा. आधी पूर्वेकडे मोजायचं: जागेच्या डावीकडच्या उभ्या रेघेचे दोन आकडे, मग त्या रेघेपासून चौकोनाचे दहावे भाग. चौकोन २ सेंमीचा, म्हणून एक दहावा भाग २ मिलिमीटर. मग उत्तरेकडे: खालच्या आडव्या रेघेचे दोन आकडे आणि वरचे दहावे भाग. जागा ६८ क्रमांकाच्या उभ्या रेघेपासून ६ मिलिमीटर उजवीकडे आणि ३१ च्या आडव्या रेघेपासून १४ मिलिमीटर वर असेल तर संदर्भ ६८३३१७. शोधणाऱ्याला त्यातून १०० मीटरचा चौकोन मिळतो. आकडे उलटे लिहिले तर तो माणूस दुसऱ्याच डोंगरावर जातो, म्हणून सोबत शीटचा क्रमांक आणि सर्वांत जवळच्या गावाचं नाव जरूर लिहा.